पाणबुड्या : करमणुकीचा की कामाचा?

पावसाळा सुरू झाला की वसईजवळच्या चिंचोटी धबधब्यावर जाण्यास मनाई करणारा हुकूम निघतो. दुर्घटना मात्र थांबत नाहीत. 2018 च्या जुलै महिन्यात शंभराहून अधिक सहलीकरी तेथे पुरात अडकले आणि त्यांच्या सुटकेसाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला धावावे लागले. एरवी अशा प्रसंगी पाण्यात उतरतो तो अग्निशमन दलाचा जवान, नाही तर गावातला एखादा पट्टीचा पोहणारा. त्याच्या धाडसाबद्दल शंका नाही. परंतु पोहता येणे वेगळे आणि पाण्याखाली काम करता येणे वेगळे, हा भेद आपल्या शासनव्यवस्थेने अद्याप पुरेसा ओळखलेला नाही.

हा भेद शरीरशास्त्राचा आहे. पाण्यात दर दहा मीटरला हवेच्या एका वातावरणाइतका दाब वाढतो. खाली घेतलेला श्वास रोखून माणूस वर आला, तर ती हवा प्रसरण पावून फुप्फुस फाटू शकते. खोल पाण्यातून घाईने वर आल्यास रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन प्राणावर बेतते. 1943 मध्ये कूस्तो आणि गान्यां या दोघा फ्रेंचांनी पाठीवर वाहता येणारे श्वसनयंत्र सिद्ध केले आणि समुद्रतळ सामान्य माणसाला खुला झाला. यंत्र विकत मिळते. शिस्त शिकावी लागते.

महाराष्ट्रात ती शिकवण्याचा लक्षणीय प्रयत्न मालवणच्या किनाऱ्यावर झाला. 1987 मध्ये तेथे सागरी अभयारण्य घोषित झाले, तेव्हा आपली जाळी कायमची गुंडाळावी लागणार, या भीतीने मच्छीमारांनी त्याला कसून विरोध केला. पुढे सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांच्या पुढाकाराने किनाऱ्यावरच्या तरुणांना स्कूबा डायव्हिंगचे धडे मिळू लागले, आणि राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाने तारकर्ली येथे त्यासाठी स्वतंत्र संस्था व सरावाचा खोल तलाव उभारला. प्रवाळ जिवंत राहिले तर आपलीही चूल पेटती राहते, हे ज्यांना उपदेशाने पटले नव्हते, त्यांपैकी अनेकांना या व्यवसायाने पटले.

तथापि या यशाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. प्रशिक्षकाचा हात धरून काही मिनिटे मासे पाहणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे. मालवणचा बहुतेक व्यवहार या करमणुकीभोवतीच फिरतो. 24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. ही मंडळी स्कूबा करून परतत होती. आपत्ती आली ती पाण्याखाली नव्हे, पाण्यावर. बोट, तिच्यातील माणसांची संख्या, अंगावरची जीवरक्षक जाकिटे आणि हवामानाचा अंदाज हीदेखील पाणबुड्याच्या शिक्षणाचीच अंगे आहेत, हे या घटनेने दाखवून दिले.

वसईला याचे काय, असे कोणी विचारील. अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव येथील पाणी वैतरणा आणि वसईच्या खाडीच्या गाळाने गढूळ झालेले असते. तेथे पर्यटकाला मासे दिसायचे नाहीत. आक्षेप खरा आहे, पण तोच या मागणीचा आधारही आहे. पुलांच्या खांबांची तपासणी, पंख्यात अडकलेले जाळे सोडवणे, बुडालेल्याचा शोध ही कामे अशा गढूळ पाण्यातच करावी लागतात आणि त्यांना सहलीच्या डायव्हिंगपेक्षा कितीतरी कठोर शिक्षण लागते. याच पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली. मच्छीमारांचा या बंदराला असलेला विरोध दुर्लक्षिण्याजोगा नाही. पण बंदर उभे राहिलेच, तर त्याच्या पाण्याखालची कामे बाहेरून आणलेल्या माणसांनी करावीत आणि ज्यांचा समुद्र गेला त्यांनी काठावर बसून पाहावे, हा न्याय म्हणता येणार नाही.

येथे मत्स्यालयाचा प्रश्न येतो. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये सुरू झाले, 2015 मध्ये नूतनीकरणानंतर पुन्हा उघडले आणि पुढे इमारत धोकादायक ठरल्याने बंद पडले. जगातील मोठ्या मत्स्यालयांत पाणबुडे टाकीत उतरून माशांना खाऊ घालतात, काचा घासतात, आजारी जीवांची पाहणी करतात. समुद्रासारखी लाट नाही, पण शिस्त तीच. म्हणून अशी टाकी ही उत्तम शाळा ठरते. राज्यात नवे सार्वजनिक मत्स्यालय उभारताना ते केवळ प्रेक्षकांसाठी काचेचा बोगदा न ठरता, कोळी तरुणांना आणि अग्निशमन दलाच्या जवानांना अल्प शुल्कात शिकवणारी संस्था ठरावे, असा आग्रह धरला पाहिजे.

ही अपेक्षा अवास्तव नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील पुरातत्त्वज्ञांनी 1980 च्या दशकात स्वतः पाण्याखाली उतरून द्वारकेचे अवशेष अभ्यासले. पाण्याखाली जाणे हे विद्येचे आणि श्रमाचे साधन असू शकते, याचा तो पुरावा आहे. दर पावसाळ्यात बैल गेल्यावर झोपा करण्यापेक्षा, प्रशिक्षित पाणबुड्यांचे एखादे पथक वसईच्या पदरी असणे कितीतरी स्वस्त पडेल.