बेरिंग अंदाजपंचे कसू देऊ नका

उसाचा हंगाम तोंडावर आला की गॅरेजच्या दारात ट्रॉल्यांची रांग लागते. बेरिंग बदला, ग्रीस भरा, परवा गाडी फडावर पाहिजे, अशी प्रत्येकाची घाई. ट्रॉलीमालकांना, टेम्पो-जीपवाल्यांना आणि गॅरेजात काम शिकणाऱ्या पोरांना माझी कळकळीची विनंती आहे: घाई असली तरी बेरिंगचा नट मनगटाच्या अंदाजावर सोडू नका. मोजून कसा, मोजून कसून घ्या.

चाकाच्या हबमध्ये टेपर रोलरची दोन बेरिंगं समोरासमोर बसतात. नट कसाल तशी ती एकमेकांकडे सरकतात आणि मधली फट मिटत जाते. नट जास्त कसला की रोलरवर दाब येतो, हब तापतो, ग्रीस पातळ होऊन सीलमधून गळतं, रोलर निळे पडतात आणि शेवटी चाक जाम होतं. ढिला राहिला तर चाक डुगडुगतं, रोलर कपवर आपटत राहतात, सील खराब होऊन धूळ आत शिरते. दोन्हीकडून नुकसानच. छिन्नी-हातोडीनं नट ठोकून कसणाऱ्याला हे कळायला काही मार्गच नसतो.

अशा हबला साधारण 0.03 ते 0.12 मिलिमीटर मोकळीक लागते. वहीचा कागदही जेमतेम 0.1 मिलिमीटर जाड असतो, म्हणजे ही फट डोळ्याला दिसणारच नाही. ती डायल गेजवरच कळते. गेज नसेल तर निदान पद्धत तरी पाळा. चाक दोन्ही बाजूंना फिरवत नट कसा, म्हणजे रोलर आपल्या जागी बसतात. मग नट पूर्ण सैल करा आणि पुन्हा नुसत्या बोटांनी टेकवा. स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही, तर नट पुढे ओढू नका, जवळच्या खाचेपर्यंत मागे घ्या. पिन मात्र नवीच घाला. चार रुपयांची पिन वाचवण्यात काही शहाणपण नाही.

डिफरन्शियलच्या पिनियनचं गणित याच्या उलट. तिथे फट चालत नाही, बेरिंगवर आधीपासून थोडा दाब हवा, नाहीतर भार आला की पिनियन सरकतो आणि क्राऊनचे दात घुंघुं करायला लागतात. पुष्कळ गाड्यांत हा नट कसायला 200 न्यूटन-मीटरहून जास्त जोर लागतो, पण बेरिंगवरचा दाब कळतो तो पिनियन फिरवायला लागणाऱ्या एक-दोन न्यूटन-मीटरवरून. ही दोन मापं वेगळी आहेत, त्यांची गल्लत करू नका. मोजायला रद्दीवाल्याकडे असतो तसा स्प्रिंगचा काटाही चालतो. फ्लँजला दोरी गुंडाळून काट्यानं सावकाश ओढा. पहिला झटका सोडून द्या, पिनियन एकसारखा फिरत असताना काटा काय दाखवतो ते पाहा. फ्लँजची त्रिज्या 4 सेंटीमीटर आणि काट्यावर 5 किलो, म्हणजे 20 किलो-सेंटीमीटर, जवळजवळ 2 न्यूटन-मीटर. तुमच्या गाडीचा आकडा कंपनीच्या सर्व्हिस पुस्तकात असतो. नव्या बेरिंगला तो जास्त असतो, चाललेल्याला कमी. आत दबणारी स्लीव्ह असेल तर नट थोडा थोडा कसत मोजत जा. माप ओलांडलं तर नट मागे फिरवून भागत नाही, स्लीव्ह नवी घालावी लागते. हे काम महागात पडतं ते इथेच, म्हणून मिस्त्रीला घाई करू नका आणि त्याच्या त्या अर्ध्या तासाची मजुरी खुशीनं द्या.

टॉर्क पाना असेल तर तो फक्त कसायला वापरा, गंजलेले नट खोलायला नाही. एकदा ‘टक’ झालं की थांबा. काम झालं की त्याची स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा. आट्यांना तेल लागलेलं असेल तर तेवढ्याच टॉर्कला नट जास्त ओढला जातो, हेही ध्यानात असू द्या.

बेरिंग बसवल्यावर आधी रिकाम्या ट्रॉलीची आठ-दहा किलोमीटरची फेरी मारा. परतल्यावर प्रत्येक हबजवळ हात नेऊन पाहा. सगळे सारखेच कोमट असतील तर हरकत नाही. एखादाच तापला असेल तर तो नट पुन्हा तपासा, आणि हे ऊस भरायच्या आधी उरका, कारण भरल्या ट्रॉलीखाली जॅक लावणं जिवावर बेतू शकतं.