ऊनोदरी आणि जठराचा पट्टा

सहा बाह्य तपांत ऊनोदरी आणि रसपरित्याग ही दोन तपे वेगळी सांगितली आहेत. लठ्ठपणावरील ‘गॅस्ट्रिक बँड’ शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्याने हा भेद ध्यानी घ्यावा. जठराच्या वरच्या भागाभोवती सिलिकॉनचा पट्टा बसवितात. जठर कापीत नाहीत. त्वचेखालील कुपीत सुईने क्षारजल भरून पट्टा आवळतात. त्यासाठी माजरीकरांस नागपूरसारख्या शहरी वारंवार जावे लागेल. थोड्या घासांत पोट भरते. परंतु सरबत, बासुंदी, श्रीखंड सहज उतरतात आणि वजन तसेच राहते. पट्टा सरकल्यास वा जठरात रुतल्यास पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. उलट्या थांबत नसतील तर त्वरित डॉक्टरांकडे जावे. अठ्ठाईपूर्वीही त्यांचा सल्ला घ्यावा. पट्टा ऊनोदरी घडवितो. रसपरित्याग ज्याचा त्यानेच करावयाचा असतो.