दाजी, स्टिअरिंग आणि सत्तेचाळीस लाख

ऑगस्ट २०२५ मध्ये आमचा भाचा महिनाभराच्या रजेवर घरी आला आणि दुसऱ्याच दिवशी रोह्याहून फोन करून म्हणाला, "मामा, पप्पांना गाडी घ्यायचीय. तुम्ही पण बघायला चला." आम्हांला वाटले, असेल एखादी चार माणसे बसतील एवढी. रविवारी रोह्याला गेलो तेव्हा त्याने मोबाईलवर चित्र दाखवले. बुटकी, लांब, समोरून कपाळाला आठ्या घातल्यासारखी. बीएमडब्ल्यूची टू सिरीज ग्रान कूपे, नवी, त्याच जुलैत बाजारात आलेली. शोरूमचा दर ४६ लाख ९० हजार रुपये. आमच्या ताईने आकडा ऐकला आणि तांदूळ निवडता निवडता सूप खाली ठेवले.

भाच्याबद्दल थोडे सांगायला हवे. तो लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात शिकला, धाटावच्या एमआयडीसीत दोन वर्षे ठेकेदाराकडे राबला आणि आता आखातात एका रिफायनरीत आहे. पगार चांगला, पण नोकरी दोन वर्षांच्या करारावर. आणि दाजी म्हणजे एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. एकतीस वर्षे लोकांना कामावर, लग्नाला, इस्पितळात आणि परीक्षेला नेऊन सोडले. स्वतःच्या मालकीची सायकल होती, ती भाच्याच्या शाळेसाठी दिली. "ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची गाडी चालवली त्याने एकदा स्वतःची चालवावी," हे भाच्याचे म्हणणे. यात खोट कुठे काढायची? आम्ही तर पहिल्या दिवशी त्याच्याच बाजूने बोललो, हे कबूल करतो.

अशा गाड्यांना कंपन्या श्रीमंतीची पहिली पायरी म्हणतात. चार दारे, धावायला चपळ, नाव मोठे आणि त्या नावाच्या बाकी गाड्यांपेक्षा दर कमी. पण ही पायरी जागेवर राहत नाही. २०१४ साली ऑडीची ए-थ्री आली ती सुमारे २३ लाखांपासून. २०२१ साली मर्सिडीजची ए-क्लास लिमोझिन आली तेव्हा ३९ लाख ९० हजार. २०२५ साली ही सत्तेचाळीसच्या घरात. गरीब माणूस जिना चढतो आहे आणि जिनाच वर सरकतो आहे, असे आम्ही म्हणालो तर भाचा हसला, दाजी हसले नाहीत.

पेण काय, रोहा काय, असल्या गाड्यांचे दुकान इकडे नाही. नवी मुंबई गाठावी लागते. गणपतीचे दिवस जवळ आलेले, पेणच्या मूर्तींचे टेम्पो रस्त्याला लागलेले, म्हणून आम्ही रेल्वे धरली. ती मंडळी रोह्याला दिव्याच्या गाडीत बसली, आम्ही पेणला चढलो, पनवेलला उतरून लोकल. एका दिवसात तीन दुकाने पाहिली. त्यातल्या एकाच्या दाराशी जे झाले ते सांगतो. दुकान कोणते, याला महत्त्व नाही. भाचा पुढे गेला. मागून दाजी आले, पांढरा शर्ट, पायांत चपला, हातात कापडी पिशवी. दारावरचा माणूस त्यांना म्हणाला, "ड्रायव्हर लोकांची बसायची जागा तिकडे मागे आहे, काका." भाचा लाल झाला. तो काही बोलणार तेवढ्यात दाजीच म्हणाले, "बरोबर ओळखलंस बाबा, ड्रायव्हरच आहे मी. पण आज मालक पण आहे." दारवाला बिचारा ओशाळला. तोही ठेक्यावरचाच असणार. भाच्याने मात्र तिथेच ठरवले की आता गाडी घ्यायचीच, आणि तीही सर्वांत वरची.

दुसऱ्या दुकानात चालवून बघायला गाडी दिली. विक्रेत्या मुलाने लायसन मागितले. भाच्याकडे आखातातले होते, इथले संपलेले. दाजींनी खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले आपले लायसन काढले. पेणच्या आरटीओत वेळेवर नूतनीकरण केलेले. मग पामबीच रस्त्यावर दाजींनी ती गाडी जी चालवली! सुरुवातीला डावा पाय क्लच शोधत राहिला. तो नव्हताच, गिअर आपोआप पडतात. पण दोन मिनिटांत असे बसले जणू रोहा-मुरूडची पहिली फेरी आहे. विक्रेता मुलगा कौतुकाने बघत राहिला. इंजिनाची चौकशी केली तेव्हा कळले, दीड लिटरचे, तीन सिलिंडर, १५६ अश्वशक्ती. दाजी म्हणाले, "तीनच? आमच्या गाडीला सहा होते." पण उतरताना दार हळूच लावले आणि म्हणाले, "गाडी उत्तम आहे. नाव ठेवायला जागा नाही."

परतीच्या गाडीत आम्हांला चाळीसगावची हकीकत आठवली. १९२९ साली बाबासाहेब तिथे उतरले तेव्हा एकही टांगेवाला त्यांना न्यायला तयार होईना. पाहुण्याने पायी चालत यावे हे आपल्या वस्तीला कमीपणाचे वाटले, म्हणून लोकांनी टांगा तेवढा भाड्याने घेतला आणि आपल्यातलाच एक जण हाकायला बसवला. त्याला सवय नव्हती. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब फेकले गेले, पायाला जबर दुखापत झाली. त्यांनी पुढे हे लिहून ठेवले तेव्हा टांगेवाल्यावर तर लिहिलेच, पण आपल्या माणसांवरही लिहिले, की मान राखण्याच्या नादात पाहुण्याच्या जिवाचा विचार राहून गेला. भाच्याला हे सांगितले. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मामा, पण त्यांना पायी चालवलं असतं तर?" त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते, अजूनही नाही.

घरी मात्र हिशोब मांडलाच पाहिजे होता. ताईने जुन्या वहीचे मागचे पान काढले. ज्या वाचकांच्या घरी कुठलीही गाडी घ्यायचे चालले असेल त्यांनी हे नीट पाहावे, कारण दुकानात पहिला आकडा सांगतात तो पुरा नसतो. ४६ लाख ९० हजारांवर आपल्या राज्याचा एकरकमी वाहनकर, वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के. म्हणजे सहा लाख दहा हजारांच्या आसपास. दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का आयकर दुकानदार आधीच कापतो, तो विवरणपत्र भरले तर वळता होतो, नाही भरले तर गेला. विमा आणि किरकोळ धरून ५५ लाखांच्या आसपास. (विमा दुकानदाराकडूनच घ्यावा अशी सक्ती नाही, बाहेर दर विचारा.) भाच्याची शिल्लक १५ लाख. उरलेले ४० लाख नऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले तर महिन्याला सुमारे ६४ हजार ४०० रुपये हप्ता, आणि व्याजच चौदा लाख.

ताईला व्याज-बिज कळत नाही असे भाच्याला वाटत होते. तिने एकच विचारले, "हप्ते चौऱ्याऐंशी, आणि तुझा करार चोवीस महिन्यांचा. मधले साठ महिने कोण भरणार?" भाचा म्हणाला, करार वाढतो. ती म्हणाली, "वाढतो की वाढेल?" मग हळूच म्हणाली, छोटीच्या नर्सिंगचे शेवटचे वर्ष आहे आणि तिला पुढे शिकायचे आहे. छोटी दारामागून म्हणाली, "माझ्यासाठी कुणी थांबू नका." त्या रात्री कुणी धड जेवले नाही.

दाजींनी हिशोबाकडे पाहिलेच नाही. त्यांचे दुखणे वेगळे, रस्त्याचे. मुंबई-गोवा महामार्गाचे आपल्या भागातले रुंदीकरण २०११ च्या सुमाराला सुरू झाले. त्या वर्षी पहिलीत गेलेली मुले बारावी होऊन गेली आणि खड्डे आपले शाळेतच. "वडखळ सोडलं की कासूपर्यंत ही गाडी पोट घासत जाईल," दाजी म्हणाले. "टायरची कड बघितलीस? बोटभर. एक खड्डा चुकला की रिमला मार. पंक्चर झाला तर भिसे खिंडीत त्या मापाचा टायर कोण देणार? दुरुस्तीला परत नवी मुंबई." शिवाय वाडीतली आळी. दोन मोटारसायकली समोरासमोर आल्या तर एकीला ओट्यावर चढावे लागते. भाचा म्हणाला, चौकात लावू. दाजी म्हणाले, "मग रात्री मी पण चौकातच झोपतो."

विक्रेत्या मुलाचे रोज फोन, आठवड्यात नोंदणी करा, पुढे दर वाढतील. दाजी म्हणाले, थांब. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होण्याची घोषणा झाली, ३ सप्टेंबरला निर्णय झाला आणि २२ सप्टेंबरपासून अशा गाडीवरचा कर सेससकट ४५ टक्क्यांवरून ४० वर आला. एवढ्या किमतीच्या गाडीत एक लाख साठ हजारांच्या आसपास फरक. चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाड्यांवर तर १८ टक्केच राहिला. घाईने नोंदणी करून गाडी उचलली असती तर तेवढे पैसे गेलेच होते.

तोवर भाचा परत गेलाही होता. जाताना छोटीच्या नावावर चार लाख ठेवून गेला. बाकीच्याचे काय करायचे ते पुढच्या रजेत बघू म्हणाला. छोटी गाडी घ्यावी असे आम्ही सुचवले, तर म्हणाला, "मामा, छोटी तर कधीपण घेता येईल." ताईला हे पटलेले नाही. आम्हांलाही अर्धेच पटले आहे.

त्या गाडीचे रंगीत माहितीपत्रक दाजींनी लायसनच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवले आहे. मध्यंतरी आम्ही रोह्याला गेलो तेव्हा चहा पुढे सरकवत त्यांनी सहज विचारले, "तुम्ही पेणवरनं आलात ना? कासूजवळचा रस्ता झाला का हो?"