अपरिचित सूर

ज्याची कीर्ती मोठी तेच गाणे श्रेष्ठ, असे आपण सहज मानतो. मला हे पटत नाही. सहारा वाळवंटातील इब्राहिम आग अल्हबीब याने बालपणी पत्र्याचा डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार यांपासून गिटार तयार केली. पुढे १९७९ च्या सुमारास निर्वासित तुआरेग तरुणांचा ‘तिनारिवेन’ हा वृंद उभा राहिला. त्यांची भाषा आपणांस कळत नाही. मायभूमीची ओढ मात्र कळते.

नागपूरच्या पूर्वेस, झाडीपट्टीतही दंडार आणि खडी गंमत रंगविणारे संच आहेत. त्यांतील एकाचे तरी नाव आपणांस सांगता येईल काय? मुलांनो, दूरचे सूर अवश्य ऐका. पण दाराशी आलेला सूर परका ठेवू नका. ऐकणाराच उरला नाही, तर गाणारा कोणासाठी गाईल?