नियम सारखे, पण खेळ कोणी ठरवला?

टीव्हीवरचे आणि हल्ली मोबाइलवरचे ते अंगमेहनतीचे कार्यक्रम तुम्ही पाहताच. कोणी उंचावर दोरीला लोंबकळतंय, कोणी चिखलात झोंबतंय, कोणी भलामोठा टायर ओढतंय, आणि शेवटी एकाच्या गळ्यात हार नि हातात बक्षिसाचा चेक. हे पाहताना घरोघरी एक भांडण ठरलेलं. दादा म्हणतो, "मुलींना हे जमणारच नाही." ताई म्हणते, "मुद्दामच असले खेळ देतात, मुलं जिंकावीत म्हणून." आणि आजी म्हणते, "बंद करा रे तो डबा आधी!"

आज आजीची माफी मागून आपण या भांडणात जरा पडू या. दादा खरा की ताई खरी?

आधी एक कोडं. समजा, मी दोन खेळ ठेवले. पहिला खेळ असा : ५० किलोची कांद्याची गोणी पाठीवर घ्यायची आणि चाळीपासून ट्रॅक्टरपर्यंत न्यायची. जो जास्त फेऱ्या मारील तो जिंकला. दुसरा खेळ असा : आंब्याच्या फांदीला दोन्ही हातांनी लोंबकळायचं. जो शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला. दोन्ही खेळांत नियम सगळ्यांना अगदी सारखे. मुलगा असो, मुलगी असो, कोणालाही सूट नाही. मग सांगा पाहू, हे दोन्ही खेळ सारखेच न्यायाचे आहेत का?

थोडा विचार करा. गोणीचं वजन सगळ्यांना सारखं. मग ८० किलोचा गडी ती सहज उचलतो आणि ४५ किलोची मुलगी वाकून जाते. फांदीला लोंबकळताना मात्र प्रत्येकाला स्वतःचंच वजन पेलायचं असतं. तिथे तो ८० किलोचा गडी हाशहुश करत खाली येतो आणि ती शिडशिडीत मुलगी अजून वर लटकून हसत असते! म्हणजे नियम सारखे असले तरी निम्मा निकाल खेळ निवडतानाच लागून जातो. तो निवडणारा माणूस मात्र पडद्यावर कधी दिसत नाही.

आता खरी गोष्ट ऐका. २०२३ च्या जानेवारीत दक्षिण कोरियाचा 'फिजिकल : १००' नावाचा कार्यक्रम आला. शंभर बळकट माणसं, त्यांत पुरुषही आणि स्त्रियाही. वेगळे गट नाहीत, वजनाचे गट नाहीत. एका फेरीत दोघांनी एका चेंडूसाठी झटायचं, आणि वेळ संपेल तेव्हा चेंडू ज्याच्या हातात, तो पुढे. त्यात चुन-री नावाच्या स्त्री बॉडीबिल्डरसमोर एक पुरुष लढवय्या आला. त्याने तिला खाली पाडून छातीवर गुडघा दाबून धरला आणि चेंडू मिळवला. झालं! कोरियात एकच गदारोळ उठला. काही म्हणाले, "हा अन्याय." काही म्हणाले, "तीच तर खेळायला उतरली होती." खुद्द चुन-रीने मात्र या लढतीबद्दल आपली तक्रार नाही असं सांगितलं. कार्यक्रमात स्त्री-पुरुष भेद नाही हे माहीत असूनच ती उतरली होती.

मला तिचं म्हणणं आवडलं. ती रडली नाही, सवलत मागितली नाही. त्या पुरुषानेही नियम मोडला नव्हता. पण म्हणून सगळा प्रश्न मिटला का? नाही. कारण माझा प्रश्न त्या दोघांना नाहीच. माझा प्रश्न खेळ ठरवणाऱ्याला आहे. पुढे त्याच कार्यक्रमात दीड टन वजनाचं जहाज ओढायचं होतं, आणि अगदी शेवटी दोर ओढत राहायचा होता. शेवटच्या पाच जणांत एकही स्त्री उरली नाही. आणि त्याच कार्यक्रमातली दुसरी गंमत ऐका. जांग उन-सिल ही कुस्तीगीर स्त्री एका गटाची कप्तान होती. तिचा गट सगळ्यांनी कच्चा ठरवलेला. काम होतं फळ्यांचा पूल बांधायचा आणि वाळू पलीकडे न्यायची. तिथे नुसती ताकद पुरत नाही. कोणी कुठे उभं राहायचं, पूल कसा भक्कम करायचा, हे ठरवावं लागतं. आणि त्या कच्च्या गटाने समोरच्या दणकट गटाला हरवलं! माणसं तीच होती, खेळ बदलला आणि निकालही बदलला.

आपल्याकडचा 'खतरों के खिलाडी' घ्या. २००८ साली तो सुरू झाला तेव्हा स्पर्धक सगळ्या स्त्रियाच होत्या. २०१४ पासून स्त्री-पुरुष एकत्र उतरू लागले. २०१४ ते २०२४ या काळातल्या दहा मुख्य मोसमांत स्त्री विजेती एकच, २०२० सालची करिश्मा तन्ना. लगेच "बघा, मी म्हणत नव्हतो?" असं ओरडू नका हं, दादा! आणि ताई, तूही "अन्याय, अन्याय" म्हणू नकोस. एका आकड्यावरून निकाल लावायचा नसतो. किती स्त्रिया उतरल्या होत्या, कामं कोणती होती, त्यांत भीती किती आणि ताकद किती, हे सगळं मांडून बघावं लागतं. गणितात नुसतं उत्तर लिहिलं तर मी गुण देते का? रीत दाखवावी लागते.

आता कोणी विचारील, "मॅडम, मुलगे आणि मुली यांच्या अंगात खरंच फरक असतो का?" असतो. तो लपवायचं काही कारण नाही. लहानपणी फारसा नसतो. आमच्या पाचवीच्या वर्गात कितीतरी मुली मुलांना पळण्यात मागे टाकतात. पण बारा-तेरा वर्षांनंतर मुलांच्या शरीरात काही बदल होतात. स्नायू वाढतात, खांदे रुंदावतात, उंची वाढते. १०० मीटरची जागतिक नोंद पाहा : पुरुषांत उसेन बोल्टची ९.५८ सेकंद (२००९), स्त्रियांत फ्लॉरेन्स ग्रिफिथ-जॉयनरची १०.४९ सेकंद (१९८८). फरक एका सेकंदाहूनही कमी. पण सर्वोच्च पातळीवर तो जिंकणं-हरणं ठरवतो. आणि एक विसरू नका, ही सरासरीची आणि शिखराची गोष्ट झाली. फ्लॉरेन्ससोबत पळायला उभे केले तर आपल्या आसपासचे बहुतेक सगळे तगडे दादा तिची धूळच खातील!

म्हणूनच शहाण्या लोकांनी खेळात तजवीज करून ठेवली. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा, स्त्रियांचा ४ किलोचा. कुस्तीत वजनाचे गट. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट, मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे. ५० किलोच्या पैलवानाला १०० किलोच्या पैलवानासमोर उभं केलं नाही, तर त्याला कोणी "सवलत घेतली" म्हणत नाही. मग चार किलोचा गोळा फेकणाऱ्या मुलीलाच तसं का म्हणायचं?

मात्र वेगळा गट करणं ही एक गोष्ट आणि दारच बंद करणं ही दुसरी. मोठी माणसं कधी कधी पहिल्याचं नाव सांगून दुसरं करतात. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटर शर्यत पहिल्यांदा झाली. जर्मनीच्या लीना राडकेने जागतिक विक्रम करून ती जिंकली. शर्यतीनंतर काही जणी दमून मैदानावर टेकल्या. दमतातच माणसं, पुरुषही दमतात! पण वर्तमानपत्रांनी असं काही तिखटमीठ लावून लिहिलं, की बायकांना हे झेपत नाही असं ठरलं आणि शर्यतच काढून टाकली. ती परत आली १९६० साली, रोममध्ये. मध्ये ३२ वर्षं गेली. ज्यांना पळायचं होतं त्यांचं पळायचं वय तेवढ्यात निघून गेलं.

हे दूरदेशीचं झालं. आपलं बघा. महाराष्ट्र केसरीचा किताब पहिल्यांदा दिला गेला १९६१ साली, दिनकर दह्यारी यांना. महिलांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा कधी झाली ठाऊक आहे? मार्च २०२३ मध्ये, सांगलीला. प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. म्हणजे तब्बल ६२ वर्षांनी! त्या आधी आपल्या मुली कुस्ती खेळत नव्हत्या असं थोडंच आहे? खेळत होत्या, पण हा किताब त्यांच्यासाठी नव्हता.

आणि आपल्या नाशिक जिल्ह्यातली कविता राऊत! त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची, आदिवासी पाड्यावरची मुलगी. अनवाणी पळता पळता मोठी झाली. १० हजार मीटर ही तिची शर्यत. स्त्रियांसाठी ती ऑलिंपिकमध्ये आली १९८८ साली, तेव्हा कविता तीन वर्षांची होती. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत याच शर्यतीत तिने कांस्यपदक मिळवलं. राष्ट्रकुल स्पर्धेत ट्रॅकवरचं वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक. आता सांगा, "बायकांना लांब पल्ला झेपत नाही" म्हणून ती शर्यत कधी सुरूच झाली नसती, तर? कविता तेवढ्याच वेगाने पळाली असती, पण कोणाला कळलंही नसतं.

आपल्या भागातल्यांना हे वेगळं सांगायला नकोच. चैत्रात खानदेशातून सप्तशृंगी गडावर पायी येणारी माणसं तुम्ही पाहता. भर उन्हात चालणाऱ्या त्या रांगेत बायका किती असतात! कडेवर पोर घेऊन गडाच्या पायऱ्या चढणाऱ्या आयाबाया पाहिल्या, की दम कोणात किती हे लगेच कळतं.

मग मुलींना मैदान कमी का मिळतं? एका शाळेच्या क्रीडा स्पर्धा मी पाहिल्या. शाळेचं नाव सांगत नाही, कारण अशा शाळा बऱ्याच असतील. सकाळी गारव्याला मुलांची कबड्डी, मग मुलांचा खो-खो, मग मुलांच्या धावण्याच्या शर्यती. मुलींची पाळी आली दुपारी बाराला, डोक्यावर ऊन घेऊन. आणि त्यांच्या खो-खोचा अंतिम सामना? "वेळ संपली, पाहुण्यांना जायचंय" म्हणून नाणं उडवलं आणि विजेता संघ जाहीर केला! दोन्ही संघांतल्या मुली गप्प उभ्या. हरलेल्या संघाची कप्तान माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मॅडम, हरलो असतो तरी चाललं असतं. पण आम्ही खेळलोच नाही ना." ती आठवीत होती. आजूबाजूला कोणालाही यात काही बिघडलं असं वाटलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं.

आणि हाच खो-खो बरं का! जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या पुरुषांनीही जिंकला, महिलांनीही जिंकला. दोन्ही कप्तान आपल्या महाराष्ट्राचे : प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. प्रियांकाच्या अंतिम सामन्याच्या वेळी कोणी नाणं उडवलं असतं, तर?

हा अन्याय मुलींवरच होतो असंही समजू नका. "मुलीकडून हरलास? बांगड्या भर!" हे वाक्य कोणी म्हटलं की दोघांनाही लागतं. मुलाला वाटतं, हरणं म्हणजे लाज. मुलीला वाटतं, आपण जिंकलो ते आपल्या गुणाने नाही, समोरचा लेचापेचा होता म्हणून. तसंच "बिचारी मुलगी आहे, दोन गुण जास्त द्या" हेही नको. दयेचे गुण कोणाला हवे आहेत? मुलींना हवी असते पाळी, वेळ आणि मैदान.

तर मित्रमैत्रिणींनो, दादा खरा की ताई खरी? दोघंही अर्धे खरे. अंगात फरक असतो, हे दादाचं बरोबर. खेळ निवडण्यात पक्षपात होऊ शकतो, हे ताईचं बरोबर. म्हणून यापुढे असा कार्यक्रम पाहाल तेव्हा वही घेऊन बसा आणि चार गोष्टी टिपा :

१. हे काम कशाची परीक्षा घेतं? ताकद, तोल, दम, धीर की डोकं?

२. दहा कामांपैकी किती नुसत्या ताकदीची आहेत?

३. मुलगी जिंकली की निवेदक काय म्हणतो? आणि मुलगा जिंकला की काय म्हणतो?

४. भांडण, रडणं, ओरडणं कोणाचं जास्त दाखवतात?

पडद्यावरचे ते प्रकार घरी करून बघायचे मात्र नाहीत. तिथे दोऱ्या, गाद्या, डॉक्टर सगळं तयार असतं. आपल्या आंब्याखाली काही नसतं.

आणि पाचवी गोष्ट शाळेत टिपा. तुमच्या शाळेच्या स्पर्धेत मुलींचा सामना किती वाजता होता, आणि तो पूर्ण खेळला गेला का? नसेल, तर मुलामुलींनी मिळून मुख्याध्यापकांना नम्रपणे एक अर्ज लिहा. मुलांनीही सही करा हं. अर्जात एवढंच मागा : यंदा मुलींचा अंतिम सामना सकाळी ठेवा.

काय झालं ते मला पत्राने कळवा. वाट पाहते.

तुमची,
कळवणच्या मॅडम