रॅमच्या शेजारी कोण?

ईद झाली की मुलांच्या हातात ईदी येते आणि पुष्कळ घरांत फिश टँकचा शौक त्याच पैशांतून सुरू होतो. दुकानात रंग पाहून मासे निवडले जातात. निळा-पिवळा, लाल डोळ्यांचा जर्मन ब्लू रॅम तर हटकून पसंत पडतो. पंधरा दिवसांत तो पालथा पडतो, मूल हिरमुसते आणि अम्मी टँक माळ्यावर ठेवून देते. दोष बहुधा माशाचा नसतो, त्याला दिलेल्या पाण्याचा आणि शेजाराचा असतो.

दोन-अडीच इंचांचा हा मासा सिक्लिड कुळातला, म्हणजे आपल्या बाजारात मिळणाऱ्या चिलापीचा दूरचा भाऊबंद. मिजास मात्र नरम. तो झाडे उपटत नाही, उगाच कोणाच्या मागे लागत नाही. म्हणून जिवंत वनस्पतींच्या टाकीत तो शोभतो. नाव जर्मन असले तरी त्याचे मूळ घर व्हेनेझुएला आणि कोलंबियातले ओरिनोको नदीचे खोरे. तिथले पाणी उबदार आणि मऊ. टाकीतही त्याला २७ ते ३० अंश सेल्सियस तापमान लागते. आपल्याकडे थंडीत हीटर हवाच.

अर्धी निवड इथेच ठरते. निऑन टेट्रा सर्वांचा लाडका, पण त्याला २५ अंशांच्या आतबाहेरचे पाणी मानवते. रॅमच्या उष्ण पाण्यात तो हळूहळू खंगतो. त्याऐवजी कार्डिनल टेट्रा घ्यावा. दिसतो जवळपास तसाच, फक्त लाल पट्टा अंगभर असतो. तो ओरिनोकोच्या वरच्या खोऱ्यातही सापडतो, ऊब सहज सोसतो. आठ-दहांचा थवा आणावा, दोन-तीनच आणले तर ते घाबरून झाडांमागे दडून बसतात.

गप्पी आणि मॉली स्वस्त, म्हणून पिशवीत सहज पडतात. त्यांना मात्र क्षार असलेले पाणी आवडते. बोअरचे पाणी, शाळेच्या पुस्तकातले दुष्फेन, साबणाला फेस न येणारे, त्यांना चालते, रॅमला नाही. रॅमसाठी त्यात आरओचे पाणी मिसळावे लागते. दोघांना एकत्र ठेवले तर कोणाची ना कोणाची तबियत बिघडणारच.

मग जागेचा प्रश्न. वर्गात कोणाला कोणाशेजारी बसवायचे हे आम्हा शिक्षकांना रोज ठरवावे लागते, इथेही तेच. रॅमचा वावर तळाशी, टेट्राचा मधल्या पाण्यात, त्यामुळे भांडण नाही. तळाशी कोरीडोरास ठेवायचे तर उष्णता सोसणारी स्टर्बाय जात मागावी. पण रॅमची जोडी सपाट दगडावर अंडी घालते आणि राखण करते, दिवे गेले की कोरीडोरास तीच अंडी फस्त करतात. पिल्ले हवी असतील तर त्यांना आणूच नये. दोन फुटी टाकीत रॅमची एकच जोडी पुरे, दोन नर एकमेकांना तंग करतात. टायगर बार्ब कल्ले नव्हे, पर कुरतडतो, त्यामुळे तो नको. एंजल मोठा झाला की दादागिरी करतो, तोही नको.

काच साफ ठेवील म्हणून दुकानदार काळा सकर मासा गळ्यात मारतो. तो वाढून फूटभराचा होतो. मग लोक त्याला नदीत सोडतात, जे कदापि करू नये: देशातल्या कित्येक नद्या-तलावांत त्याने ठाण मांडले आहे आणि मच्छिमारांची जाळी फाटतात. शेवाळासाठी इवलासा ऑटोसिंक्लस पुरतो, तोही टाकीत थोडे शेवाळ धरल्यावरच आणावा.

टाकी फिल्टर लावून, झाडे रुजवून किमान दीड-दोन महिने चालू द्यावी. आधी टेट्रा सोडावेत, रॅम सर्वांत शेवटी. पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगू द्यावी, थोडे थोडे टाकीचे पाणी तिच्यात घालावे, मग मासे जाळीने उचलून सोडावेत. त्या दिवशी दिवा बंद ठेवावा. खाणे दुसऱ्या दिवशी, तेही चिमूटभर.