पत्त्यांचा दुष्काळ : एका हलक्या बफरची साक्ष

१/ ‘तुमच्या खिशातला फोन चंद्रावर गेलेल्या संगणकापेक्षा लाखो पटींनी शक्तिशाली आहे.’ हे वाक्य समाजमाध्यमांवर वारंवार फिरते आणि इतिहास म्हणून वाचले जाते. वस्तुतः तो इतिहास नव्हे, केवळ भागाकार आहे.

२/ या भागाकारातून एक सोयीची कथा जन्मते : पूर्वी मेमरी महाग होती, म्हणून अभियंते काटकसर करीत; पुढे ती स्वस्त झाली आणि काटकसरीची गरज संपली. या कथेला माझा विरोध आहे. साक्षीदार म्हणून फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमधली एक चिमुकली रचना उभी करतो : एसएफ-बफ, अर्थात ‘सेंडफाइल बफर’.

३/ आधी थोडी पूर्वपीठिका. प्रोग्राम मेमरीला थेट स्पर्श करीत नाही. तो एक पत्ता सांगतो आणि प्रोसेसर कोष्टकात पाहून त्या पत्त्यावरचे पान शोधतो. असे एक पान सामान्यतः ४,०९६ बाइटचे असते. कर्नलही या नियमाला अपवाद नाही. पान मेमरीत असले, तरी त्याला पत्ता नेमून दिलेला नसेल तर कर्नललाही ते वाचता येत नाही.

४/ ३२-बिट यंत्रावर पत्ते ४ गिगाबाइटवर संपतात. लिनक्समधली रूढ वाटणी अशी : ३ गिगाबाइट प्रोग्रामला, १ कर्नलला. १९९५च्या पेंटियम प्रो प्रोसेसरने मात्र ६४ गिगाबाइटपर्यंत मेमरी जोडण्याची सोय केली. मेमरी ६४ आणि कर्नलचे पत्ते १! म्हणजे टंचाई मेमरीची नव्हती, पत्त्यांची होती. सोयीची कथा इथेच कोसळते.

५/ आता १९९८. फाइल सर्व्हरचे काम एकच : डिस्कवरची फाइल नेटवर्कवर पाठवणे. जुन्या रीतीत मजकूर कर्नलकडून प्रोग्रामकडे आणि तिथून पुन्हा कर्नलकडे नकलून जाई. या दोन्ही नकला व्यर्थ होत्या. फ्रीबीएसडी ३.० मध्ये डेव्हिड ग्रीनमन यांनी लिहिलेल्या ‘सेंडफाइल’ने त्या टाळल्या. पान जिथे आहे तिथूनच रवाना होऊ लागले.

६/ परंतु त्या पानाला कर्नलचा पत्ता हवा. कर्नलमधला पारंपरिक बफर यासाठी फार जड : त्याच्यासोबत डिस्कवरचे स्थान, कुलुपे, बदल झाल्याची खूण असा सगळा संसार येतो. एसएफ-बफमध्ये मुख्यतः तीनच गोष्टी : कोणते पान, कोणता पत्ता आणि यादीतला दुवा. कामापुरता पत्ता घ्यायचा, काम होताच परत करायचा.

७/ हे पत्ते संपले तर? प्रक्रिया थांबून राही. या प्रतीक्षेला मॅन्युअलमध्ये ‘एसएफबफए’ असे अधिकृत नावच आहे. यंत्रात मेमरी मोकळी असतानाही प्रक्रिया पत्त्यासाठी रांगेत उभी! अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दुष्काळाविषयी जो मुद्दा मांडला, तो आठवा : धान्य असणे वेगळे आणि ते मिळवता येणे वेगळे. माणसांच्या यातनांशी इथे तुलना नाही. पण विचारण्याचा प्रश्न तोच आहे.

८/ लिनक्सचीही तीच गत. जानेवारी २००१ च्या २.४ आवृत्तीत वरच्या मेमरीतली पाने तात्पुरती जोडण्यासाठी ‘केमॅप’ आले. त्याच्या सामायिक साठ्यात १,०२४ पानांची, म्हणजे अवघ्या ४ मेगाबाइटची जागा होती. गिगाबाइटांचे भांडार एवढ्याशा खिडकीतून पाहायचे!

९/ आणि खरा खर्च पत्ता देण्यात नव्हता, तो बदलण्यात होता. प्रत्येक प्रोसेसर अलीकडच्या पत्त्यांची स्वतःची टिपणे ठेवतो. पत्त्यावरचे पान बदलले की इतर प्रोसेसरांचे काम थांबवून ती टिपणे खोडायला लावावी लागतात. एल्मेलीगी, चंदा, कॉक्स आणि झ्वानेपूल यांनी २००५ मध्ये युझनिक्स परिषदेत मांडलेला शोधनिबंध याच खर्चाविषयी आहे. त्यांचा उपाय : जोडणी लगेच मोडू नका, तेच पान पुन्हा लागेल, आणि जोडणी एकाच प्रोसेसरने वापरली असेल तर इतरांना त्रास देऊ नका. ड्रॅगनफ्लाय बीएसडीमधल्या अशाच रचनेचे नावच मुळी ‘हलका बफर’ आहे.

१०/ जाता जाता एक सावधगिरी : हे अ‍ॅलन कॉक्स राइस विद्यापीठातले. लिनक्सवाले प्रसिद्ध अ‍ॅलन कॉक्स वेगळे. शिलालेखातल्या समनामिक व्यक्तींची गल्लत आपण खपवून घेत नाही, तर इथे का घ्यावी?

११/ २००३ मध्ये एएमडीचे ६४-बिट ऑप्टेरॉन आले. पत्त्यांचा विस्तार २५६ टेराबाइट. आता सगळीच मेमरी कर्नलच्या नकाशात कायमची बसू लागली. अशा यंत्रांसाठीच्या फ्रीबीएसडीत एसएफ-बफ मागणारे फंक्शन हाती आलेले पानच नाव बदलून परत देते. हुद्दा कायम, काम शून्य.

१२/ ‘म्हणजे प्रश्न सुटलाच की!’ असे प्रगतिवादी म्हणतील. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन ही प्रोसेसरमधली त्रुटी जाहीर झाली. साध्या प्रोग्रामलाही कर्नलची मेमरी वाचता येऊ लागली. आणि कर्नलच्या नकाशात सगळीच मेमरी बसलेली असल्याने जवळजवळ सगळेच उघडे पडले. उपाय काय झाला? प्रोग्राम चालू असताना कर्नलची बहुतेक पाने नकाशातून काढून टाकणे. ऑगस्ट २०२१ च्या लिनक्स ५.१४ मध्ये तर गुपित पाने खुद्द कर्नलच्या कायम नकाशातून वगळण्याची सोय आली.

१३/ यावरून १९९८ च्या अभियंत्यांना द्रष्टे ठरवू नका. तो कालविपर्यास होईल. त्यांना सुरक्षितता नव्हे, वेग हवा होता आणि ३२-बिट यंत्रेही अभेद्य नव्हती. मुद्दा इतकाच की ‘लागेल तेवढेच जोडा’ ही रीत केवळ गरिबीची खूण नव्हती. सुबत्ता आली तेव्हा त्या रीतीसोबत आणखी काय गेले, हे फारसे कोणी तपासले नाही.

१४/ बखरीतल्या कथेला दफ्तरातला कागद मागणारे आपण, संगणकाच्या बाबतीत मात्र बखरीवर समाधान मानतो. फ्रीबीएसडीच्या बदलांच्या नोंदी १९९३ पासून तारीखवार, कर्त्याच्या नावासह उपलब्ध आहेत. इतके सलग दफ्तर किती विषयांच्या अभ्यासकांना लाभते?

१५/ तेव्हा चंद्राचे ते वाक्य पुन्हा समोर आले की तीन प्रश्न विचारा. टंचाई नेमकी कशाची होती? रांगेत कोण उभे होते? आणि टंचाई संपली तेव्हा काय गमावले? या प्रश्नांची उत्तरे देता येत नसतील, तर सांगणाऱ्याने ‘इतिहास’ हा शब्द वापरू नये.